अक्षर नसलेल्यांचं दालन : फाउंटन्स मठाचं प्रकरण

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, रिपन गावापासून पाचेक किलोमीटरवर स्केल नावाची लहान नदी एका अरुंद, झाडीच्या खोऱ्यातून वाहते. तिच्या काठावर फाउंटन्स मठाचे अवशेष आहेत. चर्चच्या भिंती पुऱ्या उंचीच्या उभ्या आहेत, पण वर आभाळ आहे. भोजनगृहाचंही तेच. पश्चिमेकडचं एक दालन मात्र आठशे वर्षं आपलं दगडी छत सांभाळून आहे. लांबी सुमारे ९० मीटर. मधोमध खांबांची एकच रांग आणि प्रत्येक खांबातून माडाच्या झावळ्या फुटाव्यात तशा दगडी फासळ्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या. असे २२ खण.

फाउंटन्सला आलेला माणूस इथे थांबतोच. हे शांत, गार दालन पाहून संन्यासी इथेच प्रार्थना करत असतील असं वाटतं. पण हे कोठार होतं. उत्तरेच्या बाजूला मालाची साठवण, दक्षिणेच्या बाजूला कष्टकऱ्यांचं जेवणघर आणि वरच्या, आता छप्पर नसलेल्या मजल्यावर त्यांची झोपायची जागा. या कष्टकऱ्यांना लॅटिनमध्ये ‘कन्वर्सी’ म्हणत, इंग्रजीत ‘ले ब्रदर’. मराठीत मी त्यांना श्रमबंधू म्हणेन. दीक्षा त्यांनीही घेतलेली होती, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची शपथ त्यांनीही वाहिलेली होती, पण मठवासी, म्हणजे दिवसरात्र सामूहिक प्रार्थना करणारे अक्षरओळख असलेले साधू, मात्र ते नव्हते.

फाउंटन्सचं प्रकरण अभ्यासायला घेतलं की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : गरिबीत राहायचं म्हणून १३ जण आपला सुखवस्तू मठ सोडून निघाले आणि चारशे वर्षांनी त्यांचाच मठ सिस्टर्शियन या कडक राहणीच्या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत मठ ठरला. हे कसं झालं? साधू बिघडले, लोभ शिरला, हे उत्तर पटकन सुचतं. मला ते अपुरं वाटतं. पहिली शंभर-दीडशे वर्षं पैसा आला तो नियम पाळल्यामुळे आला. तो कसा, हे या कोठारातून जितकं कळतं तितकं चर्चमधून कळत नाही.

अडीच भाकरी

सुरुवात यॉर्क शहरातल्या सेंट मेरी मठात झाली. तो बेनेडिक्टाइन पंथाचा मठ, जमीनजुमला भरपूर, जेवणखाण चांगलं. ११३२ साली फ्रान्सच्या क्लेअरव्होहून आलेल्या सिस्टर्शियन साधूंनी यॉर्कशायरमध्येच रीव्हो इथे नवा मठ घातला. त्यांचं कडक राहणं पाहून सेंट मेरीमधल्या काही जणांना आपलं जगणं खुपायला लागलं. प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालचा अधिकारी, रिचर्ड त्यांच्या पुढे होता. वृद्ध मठाधिपती जेफ्रीला हे बदल मान्य नव्हते. ऑक्टोबरमध्ये यॉर्कचा आर्चबिशप थर्स्टन समेट घडवायला मठात गेला, तेव्हा आतल्या लोकांनी त्याची वाट अडवली. आरडाओरडा, धक्काबुक्की झाली. थर्स्टन सुधारणावाद्यांना आपल्याबरोबर बाहेर घेऊन आला आणि २७ डिसेंबर ११३२ रोजी त्याने त्यांना स्केलच्या खोऱ्यातली जमीन दिली.

ही हकीकत कळते ती सर्लो नावाच्या अतिवृद्ध साधूमुळे. त्याने तेराव्या शतकाच्या आरंभी कर्कस्टॉल मठातल्या ह्यू नावाच्या साधूला ती सांगितली आणि ह्यूने लिहून काढली. सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणी त्या, त्यामुळे त्यांना थोडा पुराणाचा रंग चढलेला आहे. जागा माणसांपेक्षा जनावरांनाच शोभेल अशी होती, खडक आणि काटेरी झुडपं. भर हिवाळ्यात त्यांनी एका मोठ्या एल्म वृक्षाखाली आसरा घेतला. दुष्काळ पडला तेव्हा झाडाचा पाला उकडून खाल्ला. एके दिवशी मठात अडीचच भाकरी उरलेल्या असताना दारात भिकारी आला. आता नव्या मठाचा मठाधिपती झालेल्या रिचर्डने एक भाकरी त्याला द्यायला सांगितली. उरलेली दीड सुतारांसाठी ठेवा, आपलं देव पाहील, असं तो म्हणाला. थोड्या वेळाने नेर्सबरोच्या गढीवरून युस्टेस फिट्झजॉनने पाठवलेली भाकऱ्यांची गाडी दारात आली.

या कथेतल्या दीड भाकरीपाशी मी दर वेळी थबकतो. स्वतः उपाशी असतानाही सुतारांचं जेवण त्यांनी चुकवलं नाही, कारण काम थांबून चालणार नव्हतं. काम करणारे वेगळे आणि आपण वेगळे, ही वाटणी तिथे पहिल्या हिवाळ्यापासूनच दिसते.

दोन वर्षांनी हे साधूही थकले. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्डकडे निरोप गेला, आम्हाला फ्रान्समध्ये जागा द्या. त्याने ती कबूलही केली. पण ११३५ मध्ये यॉर्क कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्माधिकारी, ह्यू आपला पैसा आणि ग्रंथसंग्रह घेऊन मठात दाखल झाला. मागोमाग त्याच कॅथीड्रलचे आणखी दोन श्रीमंत धर्माधिकारी आले आणि खोरं सोडायची गरज उरली नाही. पुढच्या पंधराएक वर्षांत फाउंटन्सने न्यूमिन्स्टर, कर्कस्टेड, वोबर्न, कर्कस्टॉल असे कितीतरी उपमठ घातले. त्यांतला लीसे तर थेट नॉर्वेत बर्गनजवळ.

नियमाचं गणित

सिस्टर्शियन पंथ १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे सुरू झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. इतर मठ कुळांच्या खंडावर, गुलामासारख्या राबणाऱ्या शेतकऱ्यांवर, चर्चच्या दशमांशावर, म्हणजे लोकांनी चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर, जगतात. आपण तसं जगायचं नाही. आपल्या हातांनी पिकवायचं, वस्तीपासून दूर राहायचं, रंग न दिलेल्या लोकरीचे पांढरे कपडे घालायचे.

नियम मनापासून केलेला होता. अडचण वेळेची होती. मठवाशाला दिवसातून सात वेळा आणि मध्यरात्री एकदा सामूहिक प्रार्थनेला उभं राहावं लागे. असा माणूस वीस-तीस किलोमीटरवरच्या डोंगरात मेंढरं राखू शकत नाही. मग मेंढरं राखायची कोणी? कूळ नको, मजूर शक्यतो नको. त्यावर पंथाने काढलेला तोडगा म्हणजे श्रमबंधू. त्याची प्रार्थना थोडकी, ती शेतात उभ्यानेही करता येई. मजुरी नाही, कुटुंब नाही, वारस नाही. आजारपणात आणि म्हातारपणात मठ सांभाळणार आणि मेल्यावर मठवाशासारखीच त्याच्यासाठी प्रार्थना होणार. बाराव्या शतकातल्या गरीब कुळाला हा सौदा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. पोट भरत होतं, परलोकाची सोय होत होती आणि जमीनदाराचा चाबूक नव्हता. लोक स्वतःहून आले, मोठ्या संख्येने आले. शेजारच्या रीव्होत मठाधिपती एल्रेडच्या काळी १४० मठवासी आणि ५०० श्रमबंधू होते, असं त्याच्या चरित्रकाराने नोंदवलं आहे. एका मठवाशामागे साडेतीन जोड्या हात.

पण पंथाच्या नियमावलीत श्रमबंधूंसाठी एक कलम होतं. त्याने पुस्तक जवळ बाळगायचं नाही. ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना, श्रद्धेचा मंत्र, एक स्तोत्र आणि अशाच दोन-चार गोष्टी सोडून काही शिकायचं नाही आणि त्याही तोंडी पाठ करायच्या, अक्षरांवरून नाही. श्रमबंधू कधीही मठवासी होऊ शकत नसे. ११८८ मध्ये पंथाच्या महासभेने उलट बाजूही पक्की केली : उच्च कुळातला माणूस आला तर त्याला श्रमबंधू करू नका, मठवासीच करा. म्हणजे हातकाम आणि अक्षर यांच्यामध्ये भिंत घातली गेली, आणि ती भिंत जन्मावर उभी होती. चर्चमध्येही दोघांच्या बसण्याच्या जागा आडभिंतीने तोडलेल्या होत्या : पूर्वेकडे वेदीपाशी मठवासी, पश्चिमेकडे दाराच्या अंगाला श्रमबंधू. त्यांचं इस्पितळसुद्धा वेगळं, स्केल नदीवर कमानी टाकून बांधलेलं.

सगळ्यांनी हे निमूट सोसलं असं नाही. वेल्समधल्या क्वमहिर मठात बिअर बंद केली म्हणून श्रमबंधूंनी मठाधिपतीचे घोडे पळवले होते. पंथाच्या नोंदीत हे बेशिस्तीचं प्रकरण म्हणून आलं आहे. मला त्यात अंगमेहनत करून आलेल्या माणसाचा राग ऐकू येतो.

फाउंटन्सची जमीन वाढत गेली ती वाड्यांच्या रूपाने. पंथात अशा दूरच्या शेतीठाण्याला ग्रेंज म्हणत. मठापासून एका दिवसाच्या चालीवर वाडी असावी, तिथे काही श्रमबंधूंनी राहावं, सणावाराला मठात यावं, असा दंडक होता. व्हार्फ नदीच्या खोऱ्यातलं किल्न्झी हे त्यांतलं मोठं ठाणं. आजूबाजूच्या चुनखडीच्या माळांवरून मेंढरं लोकर कातरायला तिथे उतरवत. तिथून मॅलमच्या माळाकडे जाणारी, दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेली मॅस्टाइल्स लेन ही मठाची वाट आजही चालण्याजोगी आहे.

‘निर्जन’ जमिनीचं काय झालं, हेही इथेच सांगतो. सगळी जमीन निर्जन नव्हती. केटनसारख्या वस्त्या उठल्या आणि तिथे वाडी झाली. वॉल्टर मॅप नावाचा त्या काळचा लेखक सिस्टर्शियनांवर चिडून लिहितो, की त्यांना एकांत सापडला नाही तर ते गावं पाडून तो तयार करतात. मॅपचा या पंथावर राग होता, म्हणून त्याचं बोलणं थोडं कमी करून घ्यावं. पण धरणाखाली गेलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना उठवलेल्या वस्तीचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता गणित मांडू. मजुरी शून्य. जमीन दानात मिळालेली. स्वतः कसलेल्या जमिनीवर दशमांश माफ. खाणं साधं, कपडे घरचे, चर्चमध्ये सोनंनाणं नको. म्हणजे खर्च नियमानेच बांधलेला आणि उत्पन्नाला मर्यादा कुठेच नाही. उरलेला पैसा पुन्हा जमिनीत आणि मेंढरांत जाणार. एखाद्या कारखानदाराला याहून चांगली घडी बसवता आली नसती. गरिबीच्या नियमातच भांडवल साठत होतं आणि ते साठतंय म्हणून कोणाचा नियम मोडत नव्हता.

किती साठलं? चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या बार्डी पेढीत काम करणाऱ्या पेगोलोत्तीने इंग्लंडमधल्या मठांच्या लोकरीची यादी ठेवली आहे. फाउंटन्सपुढे आकडा आहे वर्षाला ७६ पोती, सिस्टर्शियन मठांत सर्वांत जास्त. इंग्लंडच्या मापाने एक पोतं ३६४ पौंडांचं, म्हणजे सुमारे १६५ किलो. एकूण साडेबारा टन लोकर. त्या काळची मेंढी लहान, एका पोत्याला दोनशेहून जास्त मेंढ्या लागत. म्हणजे कळप पंधरा हजारांच्या वर. इंग्लंडच्या राजांनाही ही लोकर दिसत होतीच. ११९३ मध्ये राजा पहिला रिचर्ड कैदेत होता तेव्हा त्याच्या खंडणीसाठी सिस्टर्शियनांची वर्षाची सगळी लोकर घेतली गेली.

ती ९० मीटरची इमारत एवढी लांब का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. खाली माल, वर माणसं.

विसार

तेराव्या शतकात मठाने एक नवी सवय लावून घेतली. इटालियन व्यापारी येत आणि पुढच्या काही वर्षांची लोकर आजच विकत घेत. मेंढीच्या अंगावर अजून न उगवलेल्या लोकरीचे पैसे रोख हातात. आपल्याकडे कांद्याचा किंवा आंब्याच्या बागेचा सौदा मोहोरावर होतो, त्यातलाच हा प्रकार. पैसे कशाला लागत होते, तर बांधकामाला. चर्चच्या पूर्व टोकाला नऊ वेद्यांचं उंच, हलकं, खिडक्याच खिडक्या असलेलं दालन त्याच शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बांधलं गेलं आणि ते अवशेषांतही अप्रतिम दिसतं.

मग १२७०च्या दशकात इंग्लंडभर मेंढ्यांना खरजेची साथ आली. लोकर घटली, विसार मात्र घेऊन बसलेले. कबूल केलेली पोती भरायला बाहेरून लोकर विकत घ्यायची, तीही चढ्या भावाने. १२७४ मध्येच राजा पहिल्या एडवर्डने मठाचा कारभार सावरायला आपला माणूस बसवला होता. शतकाच्या अखेरच्या दशकात कर्ज ६,००० पौंडांच्या वर गेलं. १३१४च्या बॅनकबर्नच्या लढाईनंतर स्कॉटिश फौजांनी यॉर्कशायरवर धाडी घातल्या, त्यांत वाड्या जळाल्या.

आणि १३४८-४९ ची काळी प्लेग. इथून पुढे मठ तोच राहिला नाही. प्लेगनंतर माणसंच कमी झाली. ज्याच्याकडे दोन हात होते त्याला बाहेर चांगली मजुरी मिळायला लागली, फुकट राबायला दीक्षा घ्यायची गरज उरली नाही. श्रमबंधू येणं त्याआधीच आटत चाललं होतं, आता थांबलं. १३८१ च्या करनोंदीत फाउंटन्समध्ये ३४ मठवासी आहेत आणि श्रमबंधू फक्त १०. शेकडो माणसांच्या त्या निजायच्या मजल्यावर दहा जण.

वाड्या कसायला कोणी नाही, म्हणून १३६३ मध्ये पंथाच्या महासभेकडून परवानगी घेऊन मठाने त्यांतल्या बऱ्याच खंडाने दिल्या. ज्या खंडावर जगायचं नाही म्हणून यॉर्क सोडलं, त्याच खंडावर आता मठ जगू लागला. फाउंटन्सचा पंथ माझ्या मते इथे संपला, १५३९ मध्ये मठ बंद झाला तेव्हा नव्हे. पुढे राहिला तो एक चांगला चाललेला जमीनदार.

चांगला चाललेला हे खरंच. मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबी (१४९५ ते १५२६) हा कर्तबगार माणूस. त्याच्या काळात मठवाशांची संख्या २२ वरून ५२ वर गेली. चर्चच्या उत्तर अंगाला त्याने सुमारे ५० मीटर उंच मनोरा बांधला. पंथाच्या जुन्या नियमात दगडी घंटामनोऱ्याला मनाई होती. मनोऱ्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की सन्मान आणि गौरव एकट्या देवाचा. जवळच ह्यूबीची आद्याक्षरंही आहेत.

शिसं, दगड, हिरवळ

शेवट झटपट झाला, राजा आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद केले तेव्हा. १५३५ च्या सरकारी पाहणीत मठाचं निव्वळ उत्पन्न वर्षाला १,१०० पौंडांहून जास्त निघालं. मठाधिपती विल्यम थर्स्क याच्यावर आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी चोरीचा ठपका ठेवून त्याला राजीनामा द्यायला लावलं. पुढे उत्तरेतल्या बंडात गोवून १५३७ मध्ये लंडनला टायबर्न इथे फाशी दिलं. त्याच्या जागी आलेल्या मार्मड्यूक ब्रॅडलीने २६ नोव्हेंबर १५३९ रोजी मठ राजाच्या हवाली केला आणि १०० पौंडांचं निवृत्तिवेतन घेतलं. पुढच्या वर्षी लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशमने सगळी मालमत्ता विकत घेतली. वाड्या, खंड, कुळं, हिशेब, सगळं तयारच होतं. फक्त मालक बदलला.

छपरावरचं शिसं काढून वितळवलं गेलं. शिसं गेलं की पाऊस आत येतो आणि लाकडी छप्पर कुजायला वेळ लागत नाही. कोठाराचं छत दगडाचं होतं आणि दगडाला शिशाइतकं मोल नव्हतं, म्हणून ते राहिलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्टीव्हन प्रॉक्टरने मठाचेच दगड काढून शेजारी फाउंटन्स हॉल हा वाडा बांधला. मठाची बाराव्या शतकातली पाणचक्की मात्र दळतच राहिली, थेट १९२७ पर्यंत.

शेजारच्या स्टडली रॉयल इथे जॉन एस्लबी राहत होता. साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यात अर्थमंत्रिपद गेलेला हा माणूस १७२१ नंतर तिथे जलउद्यान करत बसला. त्याचा मुलगा विल्यम याने १७६७ मध्ये मठाचे अवशेष विकत घेतले आणि बागेच्या टोकाचं चित्र म्हणून ते सजवले : राडारोडा हलवला, गवत लावलं, वळणावर अचानक अवशेष दिसावेत अशी बैठक केली. विल्यम गिल्पिन या समीक्षकाने याला सरळ नासधूस म्हटलं. ढासळलेला दगडही पुरावा असतो, हे मला त्याच्याइतकंच वाटतं. पण एस्लबीने विकत घेतलं नसतं तर उरलेला दगडही वाहून गेला असता, हेही नाकारता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही इस्टेट ज्याच्याकडे आली त्याचं नाव महाराष्ट्राला परकं नाही. जॉर्ज रॉबिन्सन, रिपनचा मार्क्विस, म्हणजे १८८० ते १८८४ या काळातला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्याने रद्द केला, स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव त्याचा. त्याच वर्षी त्याने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या शूद्रातिशूद्रांच्या पोरांना आधी प्राथमिक शिक्षण द्या, हे त्यातलं मुख्य म्हणणं होतं. रिपनच्या स्वतःच्या जमिनीवर, त्याच्या बागेच्या टोकाला, अक्षर नाकारलेल्या माणसांचं जेवणघर उभं होतं. त्याने हे दोन धागे कधी जोडले की नाही, यावर मी काही म्हणणार नाही. मला मात्र फुल्यांचं निवेदन वाचल्यापासून ते दालन वेगळं दिसतं.

१९८३ पासून जागा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि १९८६ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. २०२१ मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या आणि ट्रस्टच्या संशोधकांनी जमीन न खोदता, रडारसारख्या उपकरणांनी नदीजवळची हिरवळ तपासली. खाली एका मोठ्या इमारतीचा पाया आणि हौदांच्या खुणा मिळाल्या : मठाचं चामडं कमावण्याचं ठिकाण. चुना, मूत, झाडाची साल आणि कुजक्या कातड्याचा वास, प्रार्थना चालायची तिथून हाकेच्या अंतरावर. तिथलं चामडं कमरपट्ट्यांना, कपड्यांना, अंथरुणांना आणि पुस्तकांच्या बांधणीला जाई. मेंढीचं पातळ कातडं ताणून, खरवडून त्याचे लिहायचे ताव होत. पंथाच्या नियमांत कातडी कमावणं हे श्रमबंधूंचं काम होतं, आणि तयार झालेला ताव ते मठवाशांकडे देऊन टाकत.